ज्वारी कोण पिकवतो? : एका क्रियापदाचा इतिहास

१

भाषा निष्पाप असते आणि व्याकरण तर त्याहूनही निष्पाप असते, असा एक समज आपल्या शिक्षित वर्गात रूढ आहे. कर्ता, कर्म आणि क्रियापद जागच्या जागी बसले की वाक्य शुद्ध झाले, असे आपण मुलांना शिकवतो. मीही जन्मभर हेच शिकवले. परंतु कर्त्याच्या जागेवर कोणी बसायचे हे व्याकरण ठरवीत नाही. ते समाजव्यवस्था ठरवते. ही गोष्ट मला एका साध्या इंग्रजी क्रियापदाने शिकवली. ते क्रियापद म्हणजे ‘ग्रो’.

माझे गाव तामलवाडी. सोलापूरहून तुळजापूरला जाणाऱ्या रस्त्यावरचे, तुळजापूर तालुक्यातले. १९४७ पर्यंत सोलापूर इंग्रजांच्या मुलखात होते आणि १९४८ पर्यंत तामलवाडी निजामाच्या राज्यात. सरकारे दोन, रस्ता एक, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या गावांत महारवाडा गावाबाहेर. तो काही सरहद्दीने बदलला नाही. माझा बाप गावातल्या एका वाड्यावर सालगडी होता. दर पाडव्याला साल ठरायचे. थोडी रोकड, बाकी ज्वारी.

तालुक्याच्या गावी वसतिगृहात राहून मी शिकत होतो. एके दिवशी इंग्रजीच्या तासाला गुरुजींनी फळ्यावर वाक्य लिहिले : ‘द फार्मर ग्रोज ज्वार.’ शेतकरी ज्वारी पिकवतो. मग त्यांनी प्रत्येकाला आपापल्या बापाविषयी एकेक वाक्य करायला सांगितले. कोणाचा बाप ऊस ‘ग्रो’ करीत होता, कोणाचा तूर. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, ‘माय फादर ग्रोज ज्वार.’ वर्गात खसखस पिकली. गुरुजी म्हणाले, “तुझा बाप कुठे पिकवतो? तो लोकांच्या रानात राबतो. तू ‘वर्क्स’ म्हण. ‘माय फादर वर्क्स इन द फील्ड.’” मी वाक्य खोडले आणि दुसरे लिहिले. ते गुरुजी दुष्ट नव्हते. मला वह्या-पुस्तके द्यायचे. त्यांना आपण भाषा दुरुस्त करतो आहोत असेच वाटत होते, आणि म्हणूनच तो प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो.

सुटीत घरी आलो तेव्हा बापाला हे सांगितले. तो कडबा रचत होता. हातातली पेंढी तशीच धरून म्हणाला, “पाळी म्या घातली. चाड्यावर मूठ तुझ्या मायनं धरली. खुरपलं तिनं, काढलं आमी दोघांनी, रास म्या केली. मग पिकिवलं कुनी?” या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ तेव्हा नव्हते. पुढे मी स्वतः इंग्रजीचा मास्तर झालो आणि ‘ग्रो’ची तिन्ही रूपे, ग्रो, ग्रू, ग्रोन, हजारो मुलांकडून घोकून घेतली, पण बापाचा प्रश्न शिल्लकच राहिला. त्या प्रश्नाचा माग काढण्याचा हा प्रयत्न आहे.

२

प्रथम त्या शब्दाकडेच पाहू. ‘ग्रो’ हा इंग्रजीतला अस्सल जुना शब्द आहे. हिरवा या अर्थाचा ‘ग्रीन’ आणि गवत या अर्थाचा ‘ग्रास’ हे दोन शब्द त्याचेच भाऊबंद. तिघांचे मूळ एक मानले जाते. जुन्या इंग्रजीत ‘ग्रो’ मुख्यतः झाडापाल्यापुरता होता. माणसाच्या किंवा जनावराच्या वाढीला तेव्हा ‘वॅक्स’ हा दुसरा शब्द असे. तो आता चंद्राच्या कलेपुरता उरला आहे. पुढे ‘ग्रो’ने त्याचा सगळा मुलूख घेतला. आज झाड वाढते, मूल मोठे होते, माणूस म्हातारा होत जातो, दाढी वाढवतो, या सगळ्यांना इंग्रजीला हे एक क्रियापद पुरते.

परंतु ध्यानात घेण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. हे क्रियापद शतकानुशतके अकर्मक होते. गवत ‘ग्रो’ होई. ते आपल्या आपण वाढे. माणूस पीक ‘ग्रो’ करतो, हा सकर्मक प्रयोग त्या मानाने अलीकडचा. तो अठराव्या शतकात दिसू लागतो. याच शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये पार्लमेंटच्या कायद्यांनी गावाची सामाईक राने कुंपणात घालण्याचा सपाटा सुरू झाला होता आणि त्या रानांवर जगणारे गोरगरीब भूमिहीन मजूर बनत होते. दोन्ही घटनांचा कार्यकारणसंबंध मी सांगत नाही. एवढेच म्हणतो की ज्या काळात ‘मी पिकवतो’ असे म्हणण्याची सोय भाषेत होत होती, त्याच काळात पिकवणाऱ्या पुष्कळांच्या पायाखालची जमीन जात होती.

या क्रियापदाला आणखी एक सोय आहे. ‘ज्वार इज ग्रोन इन उस्मानाबाद डिस्ट्रिक्ट’. ज्वारी उस्मानाबाद जिल्ह्यात पिकवली जाते. भूगोलाची पुस्तके अशा वाक्यांनी भरलेली असतात. यात ज्वारी आहे, जिल्हा आहे, क्रिया आहे. करणारा मात्र नाही. कर्मणी प्रयोगात कर्ता गाळता येतो, हा व्याकरणाचा नियम मी मुलांना शिकवीत असे. कोणता कर्ता गाळला जातो, हे मात्र पाठ्यपुस्तकात नसे.

३

आता आपल्या भाषेकडे येऊ. मराठीत ‘ग्रो’ला एक शब्द नाही. बी उगवते, रोप वाढते, पोर मोठे होते, शेतकरी पिकवतो. वर्गात माझी मुले हटकून एक चूक करीत. ‘माझ्या आईने मला वाढवले’ याचे इंग्रजी ती ‘माय मदर ग्रू मी’ असे करीत. मी तांबड्या शाईने दुरुस्त करी : पिके ‘ग्रो’ करतात, गुरे ‘रेज’ करतात, मुलांना ‘ब्रिंग अप’ करतात. चूक इंग्रजीची होती. पण तिच्यामागची मराठी समजून घेण्यासारखी आहे.

मराठीत ‘वाढणे’ म्हणजे मोठे होणे आणि ‘वाढणे’ म्हणजेच पानात अन्न घालणे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. तिच्यातही हे दोन्ही अर्थ आहेत. ‘आईने मला वाढले’ आणि ‘मी वाढलो’ या दोन वाक्यांत क्रियापद दिसायला एकच. आणि आशयही तुटलेला नाही, कारण ज्याला वाढले जाते तोच वाढतो. आणखी एक तिसरा अर्थ आहे. नारळ फोडला म्हणायचे नाही, वाढवला म्हणायचे. बांगडी फुटली म्हणायचे नाही, वाढली म्हणायचे. फुटण्याचे अशुभ झाकण्यासाठी वाढीचा शुभ शब्द वर घालायचा, ही या भाषेची जुनी सवय आहे. ती पुढे आपल्या कामी येणार आहे.

आमच्या वाट्याला या क्रियापदाचे कोणते रूप आले? आज्ञार्थाचे, आणि तेही याचनेच्या सुरातले. येसकराची पाळी ज्या घरी असे, त्या घरचे माणूस तिन्हीसांजेला गावात जाई आणि प्रत्येक दारापुढे अंतर राखून ओरडे, “भाकर वाढा वं माय.” माझ्या आजीच्या तोंडून हे शब्द मी ऐकले आहेत. फडक्यात पडणारी भाकरी शिळी असो, करपलेली असो, ती वरून पडत असे. ज्या ज्वारीची ती भाकरी, तिची कणसे आजीनेच मोडलेली असत. म्हणजे पिकवणाऱ्याने पिकवून दिलेले धान्य दुसऱ्याच्या कणगीत जायचे आणि त्यातले चतकोर पिकवणाऱ्याने ‘वाढा’ म्हणून मागायचे. बलुत्याचा हा व्यवहार परस्परांच्या देवघेवीचा होता, गाव हे एक कुटुंब होते, असे लिहिणारे विद्वान आजही आहेत. कुटुंबात वाढणारी आणि खाणारी माणसे एकमेकांना शिवतात, एवढे तरी त्यांनी आठवावे.

बिदरच्या बादशहाने अमृतनाक महाराला बावन्न हक्क दिले, अशी एक आख्यायिका आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. खळ्यावरचा वाटा, मेलेले जनावर, घरोघरची भाकरी यांना हक्क म्हणायचे, म्हणजे मागणाऱ्याच्या मनाला तेवढाच आधार. परंतु खळ्यावर खरोखर काय घडे? रास उचलून झाल्यावर मातीत मिसळलेले दाणे उरत. त्याला मातेरे म्हणतात. ते झाडून, पाखडून, निवडून घरी न्यायचे. महारकीच्या जमिनीला नाव काय, तर हाडकी-हाडोळा. तो तुकडा मिळे त्याच्या बदल्यात सगळ्या घराने सरकारचे आणि गावाचे अष्टौप्रहर काम करायचे. बंधनाला हक्क म्हणणे आणि फुटण्याला वाढणे म्हणणे, या दोन्हींमागची वृत्ती एकच आहे.

हे बंधन प्रथम स्वच्छ ओळखले ते बाबासाहेबांनी. १९१८ साली लिहिलेल्या भारतातील लहान शेतजमिनींवरील निबंधात त्यांनी दाखवले की प्रश्न केवळ जमिनीच्या आकाराचा नाही. शेतीवर ओझे होऊन पडलेल्या रिकाम्या श्रमाचा आहे, आणि त्याचा उपाय उद्योगीकरणात आहे. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. आज धाराशिव जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदार परिषद भरली, तिला ते स्वतः आले होते. वतन म्हणजे मालकी नव्हे, हे आमच्या मुलखातल्या लोकांनी त्या काळात त्यांच्याकडून ऐकले. आजीची पिढी ‘वाढा’ म्हणणे सोडू लागली ती या चळवळीमुळे. गावाला उपरती झाली म्हणून नव्हे.

४

भाकरी मागणे सुटले. पण ‘पिकवणे’ या क्रियापदाचे कर्तेपण मिळाले काय?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाच्या सुमारास, सरकारने ‘ग्रो मोअर फूड’ ही मोहीम काढली. मराठीत तिचे नाव ‘अधिक धान्य पिकवा’. पुन्हा तेच क्रियापद, पुन्हा आज्ञार्थ. स्वातंत्र्यानंतरही ही मोहीम चालू राहिली. १९५२ साली व्ही. टी. कृष्णम्माचारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिची चौकशी केली आणि तिच्या शिफारशींतून राष्ट्रीय विस्तार सेवा जन्माला आली. या सगळ्यात प्रश्न असा की ‘पिकवा’ हे कोणाला उद्देशून होते? बी, खत, विहिरीसाठी कर्ज हे ज्याच्या नावावर जमीन आहे त्यालाच मिळणार. सालगड्याला कोणी ‘पिकवा’ म्हणत नाही. त्याला ‘चल’ म्हणतात.

त्याच सुमारास आमच्या भागात हैदराबादचा १९५० चा कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा तेव्हा सर्वांच्या तोंडी होती. कसणे म्हणजे काय, हे कायद्याला सांगावेच लागते. या कायद्याने ‘स्वतः कसणे’ याची व्याख्या केली, ती प्रत्येक कार्यकर्त्याने वाचली पाहिजे. स्वतःच्या मेहनतीने कसणे हे स्वतः कसणे. घरच्या माणसांच्या मेहनतीने कसणे हेही स्वतः कसणे. आणि रोख किंवा धान्यरूप मजुरी देऊन ठेवलेल्या नोकरांकडून, अथवा आपल्या देखरेखीखाली मजुरांकडून कसून घेणे, हेसुद्धा स्वतः कसणे! १९४८ च्या मुंबईच्या कूळकायद्यातही व्याख्या याच धर्तीची आहे.

माझ्या बापाच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडले. तो वर्षभर राबला, त्याला रोख आणि धान्यरूप मजुरी मिळाली, आणि वाड्याच्या मालकाने ओट्यावर बसून जमीन ‘स्वतः कसली’. वर्गातल्या गुरुजींनी जे वाक्य खोडले, ते कायद्याने आधीच खोडलेले होते. जे कूळ म्हणून कागदावर होते त्यांना या कायद्याने काही दिले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु महार-मांग कूळ म्हणून कागदावर होते किती? ते मजूर होते, आणि मजूर हा या वाक्यात कर्ता नव्हता. तो कसण्याचे साधन होता, बैलासारखा. बाईचे तर नावच नको. चाड्यावर मूठ धरणारी आणि खुरपणारी माझी माय या व्याख्येत कोठे बसते ते शोधूनही सापडत नाही.

मराठवाड्यात जमिनीचा जुना दाखला काढायचा म्हणजे १९५४-५५ चे खासरा पाहणीपत्रक पाहावे लागते. त्यात जमिनीचा नंबर असतो, कब्जेदार असतो, पीक असते. हात नसतो. ज्याच्या नावाची तेव्हा नोंद झाली त्याची मुले-नातवंडे आज सातबाऱ्यावर आहेत. ज्यांच्या हाताची नोंद झाली नाही, त्यांची नातवंडे आजही शेतमजूर, नाही तर पुण्या-मुंबईच्या झोपडपट्टीत आहेत.

बाबासाहेबांनी हे होणार हे ओळखले होते. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग करावा, जमीन गावातील कुटुंबांना जातीधर्माचा भेद न करता सामुदायिक रीतीने कसण्यासाठी द्यावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे तीन वर्गच उरणार नाहीत, अशी योजना मांडली. ती स्वीकारली गेली नाही.

५

जी जमीन कोणाच्या नावावर नव्हती, ती मात्र होती. गायरान. गुरांच्या चाऱ्यासाठी राखलेली, गवताची जमीन. ‘ग्रो’ आणि ‘ग्रास’ यांचे मूळ एक, हे मी वर सांगितले. आमच्या लोकांना पिकवण्याचे कर्तेपण मिळवायला गवताच्याच जमिनीवर जावे लागले.

हे सहज झालेले नाही. १९५३ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने मराठवाड्यात पडीक जमिनींसाठी सत्याग्रह केला. १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीन पुन्हा रस्त्यावर आले. ६ डिसेंबर १९६४ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, रिपब्लिकन पक्षाचा देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला आणि बायाबापड्यांनी तुरुंग भरले. मराठवाड्यात पुढे ही लढाई एकनाथ आवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी गायरानाच्या प्रश्नावर जिवंत ठेवली. महार, मांग, पारधी अशा कुटुंबांनी दगड वेचून, काटेरी झुडपे खणून माळाची शेते केली. गावाचे उत्तर ठरलेले असे : उभ्या पिकात गुरे घालायची. म्हणजे जेथे ज्वारी पिकली तेथे पुन्हा गवतच उगवले पाहिजे.

सरकारी भाषेने या पिकवणाऱ्यांना काय म्हटले? अतिक्रमणदार. शासनाने १९७८ मध्ये आणि पुन्हा १९९१ मध्ये ठरावीक तारखेपूर्वीची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे निर्णय काढले. १९९१ च्या निर्णयात तारीख होती १४ एप्रिल १९९०. पुरावा मागितला गेला तेव्हा सर्वांत उपयोगी ठरल्या त्या दंडाच्या पावत्या आणि गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही. आमच्या माणसाने ज्वारी पिकवली याची सरकारदरबारी नोंद झाली, ती गुन्ह्याच्या रूपाने झाली. ज्यांनी भीतीपोटी दंड चुकवला त्यांच्याकडे पुरावाच उरला नाही. ज्यांनी दंड भरून पावती पेटीत जपून ठेवली, त्यांच्यातल्या काहींचे नाव सातबाऱ्यावर लागले. मी अशा पावत्या पाहिल्या आहेत. घड्या पडून फाटलेल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत बाबासाहेबांच्या फोटोमागे ठेवलेल्या.

६

आज हे सर्व का सांगायचे? कारण ते क्रियापद पुन्हा नव्या थाटात आले आहे. १९९२ च्या निवडणुकीत अमेरिकेत बिल क्लिंटन यांनी ‘ग्रो द इकॉनॉमी’ हा प्रयोग लोकप्रिय केला, अर्थव्यवस्था पिकवा! आता वर्तमानपत्र उघडले की ‘ग्रोथ’ आहे. आपण त्याला कधी वाढ म्हणतो, कधी विकास. तामलवाडीवरून आता चौपदरी महामार्ग जातो, टोलनाका आहे. रस्त्याला माझा विरोध नाही. याच रस्त्याने आमच्या पोरी शिकायला सोलापूरला जातात. पण भूसंपादनाची नोटीस सातबाऱ्यावरच्या नावाला जाते. त्या रानात तीन पिढ्या राबलेल्या घराला ‘वाढ झाली’ एवढे ऐकायला मिळते. कोणी वाढवले आणि कोणाला वाढले, हे दोन्ही प्रश्न त्या वाक्यात नसतात. नारळाच्या वेळी वाढला म्हणतात, तसे काही वाढले म्हटले की काय फुटले ते पाहावे, अशी मला आता सवय लागली आहे.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने मोबाईलवर आपले पीक आपणच नोंदवायचे. ‘मी ज्वारी पिकवली’ असे वाक्य प्रथमच तलाठ्याऐवजी शेतकऱ्याने स्वतः लिहायचे. गोष्ट चांगली आहे. परंतु हे वाक्य लिहिण्याचा अधिकार खातेदाराला आहे. सालगड्याला, खुरपणाऱ्या बाईला आणि गायरान कसणाऱ्याला त्यात रकाना नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना माझे एक सांगणे आहे. आपण वेदनेवर पुष्कळ लिहिले, ते आवश्यकच होते. आता आपापल्या गावचा कागद वाचा. खासरा पाहणी काढा, गाव नमुना १-ई काढा, म्हाताऱ्या माणसांजवळ बसा, आणि कोणत्या नंबरात कोणी पाळी घातली, कोणी पेरले, कोणी खुरपले याची नावानिशी वही करा. पेटीतल्या पावत्यांच्या नकला करून ठेवा. माणसे जात आहेत आणि कागद कुजत आहेत. सरकार ती वही उद्याच मान्य करणार नाही, हे मलाही कळते. परंतु १-ईची नोंदवही काही आमच्या भल्यासाठी लिहिलेली नव्हती, तरी ती कामी आली. मग आपण आपल्या हाताने लिहिलेली वही का येणार नाही?

मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. वहीच्या पहिल्या पानावर वाड्याच्या जमिनीचा नंबर आहे, आणि त्यापुढे लिहिले आहे : ज्वारी. पिकवणारे : माझा बाप आणि माझी माय. त्याखाली, शाळेत खोडलेले इंग्रजी वाक्यही मी पुन्हा लिहून ठेवले आहे. फक्त त्यात आईलाही घेतले आहे.